रेडा बोलला नसता तर?

गेली काही वर्षं चेतनेवर, म्हणजे जाणीव नेमकी काय चीज आहे यावर, आपल्याकडे जेवढं बोललं जातंय तेवढं मी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि हे सगळं बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतं की चॅटबॉटला जाणीव आली आहे का. एक पार्टी म्हणते ते यंत्र आहे, शब्दाला शब्द जोडतं, विषय संपला. दुसरी म्हणते अहो एवढं समजून बोलतंय, स्वतःच्या भीतीबद्दल बोलतंय, अजून काय पुरावा पाहिजे. आणि तिसरी मध्येच येऊन सांगते की चैतन्य सर्वत्र भरलेलं आहे हे आपल्या ऋषींनी कधीच सांगून ठेवलंय, उगाच वाद कशाला. मला हा वाद चुकीच्या टोकाने सुरू झालेला वाटतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: बोलता येणं हा चेतनेचा फार कच्चा पुरावा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी कच्चा आहे. जो बोलतो त्याच्या आत कुणीतरी आहे हे नुसत्या बोलण्यावरून ठरत नाही, आणि जो बोलत नाही त्याच्या आत कुणीच नाही हे तर त्याहून ठरत नाही. यातली दुसरी चूक माणसाने इतक्या वेळा केलीय, आणि तिची किंमत इतक्या मुक्या जिवांनी मोजलीय, की आपली सगळी बौद्धिक ताकद बोलणाऱ्या यंत्रावर खर्च होताना बघून मला खरंच त्रास होतो.

मुकेपणाचा अर्थ आपण कसा लावत आलो ते बघा. सतराव्या शतकात देकार्तने मांडलं की मन ही फक्त माणसाकडे असलेली गोष्ट, प्राणी म्हणजे गुंतागुंतीची यंत्रं, आणि त्याच्या मुख्य पुराव्यांपैकी एक हा होता की प्राणी भाषा वापरत नाहीत. एका तत्त्ववेत्त्याचं मत म्हणून हे पुस्तकात राहिलं असतं तर ठीक होतं, पण त्याच्या विचाराने भारलेल्या लोकांबद्दल पॅरिसजवळच्या पोर्ट-रॉयल मठाच्या आठवणींमध्ये असं लिहून ठेवलंय की ते कुत्र्यांचे पाय फळ्यांना खिळ्यांनी ठोकून जिवंतपणी त्यांना चिरायचे आणि त्यांचं ओरडणं म्हणजे घड्याळाची स्प्रिंग हलल्याचा आवाज आहे म्हणायचे. ती माणसं अडाणी नव्हती, त्या काळातली शिकलेली, धार्मिक, विचार करणारी माणसं होती. त्यांच्या कानावर ते ओरडणं पडत होतं की नाही? पडत होतं. फक्त ते पुरावा म्हणून धरायचं नाही असं आधीच ठरलेलं होतं.

जुन्या काळातल्या युरोपातली गोष्ट म्हणून ही सोडून देता येत नाही, कारण 1980 च्या दशकात, म्हणजे आपल्यातले कित्येक जण जन्मले त्या काळात, इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांतही नवजात बाळांची मोठी ऑपरेशनं अगदी नाममात्र भुलीवर व्हायची, कधी स्नायू ढिले करणारं औषध आणि थोडासा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावरच भागवलं जायचं. ते डॉक्टर निर्दय होते असं अजिबात नाही. इतक्या लहान जिवाला पूर्ण भूल दिली तर तो दगावेल ही भीती खरी होती, आणि सोबत एक समजूत होती की बाळाच्या नसा अजून पुरत्या तयार नाहीत, त्यामुळे त्याला दुखतं असं म्हणता येत नाही, ते रडतं ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. भारतातून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद नावाचे तरुण डॉक्टर होते, त्यांना हे खटकलं की ऑपरेशनहून परत येणारी अपुऱ्या दिवसांची बाळं इतकी खलास होऊन का येतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही बाळांना नेहमीच्या पद्धतीसोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना दिलं नाही, आणि रक्तातली ताणाची हार्मोन्स मोजली. 1987 साली हे प्रसिद्ध झालं. ज्यांना औषध मिळालं नव्हतं त्यांच्या शरीरात वादळ उठलेलं होतं आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त होती. बाळ काहीच बोललं नव्हतं, बोलू शकतच नव्हतं, पण त्याचं रक्त सांगत होतं, आणि आपण तोपर्यंत रक्ताला विचारलंच नव्हतं.

याच्याही आधीची एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. 1940 च्या दशकात क्युरारे हे औषध ऑपरेशनमध्ये नव्याने वापरात आलं होतं, त्याने स्नायू पूर्ण लुळे पडतात, आणि काही जणांना वाटत होतं की त्याने थोडीफार बेशुद्धीही येत असावी, कारण औषध दिलेला पेशंट अगदी शांत पडून असतो. स्कॉट स्मिथ नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने 1946 मध्ये हे औषध स्वतःला टोचून घेतलं, इतक्या मात्रेत की श्वासाचेही स्नायू बंद पडले आणि सहकाऱ्यांना त्याचा श्वास चालू ठेवावा लागला. बाहेरून बघणाऱ्याला एक निश्चल शरीर दिसत होतं. औषध उतरल्यावर त्याने सांगितलं की संपूर्ण वेळ तो जागा होता, सगळं ऐकत होता, सगळं त्याला जाणवत होतं. आता विचार करा, तो परत बोलू शकला म्हणून आपल्याला हे कळलं. नसता बोलू शकला तर?

इथे मला पैठणची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. रेड्याच्या तोंडून वेद वदवले हा भाग आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतो, पण त्याच्या आधीचा भाग आपण घाईघाईने उरकतो. आत्मा सगळ्यांत एकच आहे तर तुझ्यात आणि या रेड्यात फरक नाही का असं ज्ञानेश्वरांना विचारलं गेलं, त्यांनी नाही म्हटलं, तेव्हा कुणीतरी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले. कथा म्हणूनच घ्या, इतिहास म्हणून नको. पण कथेतली माणसं बघा ना! वळ बघूनही सभेचं समाधान झालं नाही, त्यांना रेडा बोलायला हवा होता, आणि तेही साधंसुधं नाही, शुद्ध स्वरात वेद. मार बसल्यावर त्या जिवाला काहीतरी होतं हे कुणाच्या लेखी पुरेसं नव्हतं, त्याने विद्वानांची भाषा बोलल्यावर सगळे नमले. आपण शतकानुशतकं या गोष्टीतल्या चमत्काराला हात जोडत आलोय आणि वळांकडे दुर्लक्ष करत आलोय, आणि आज चॅटबॉटपुढे आपण जे करतोय ते त्या सभेपेक्षा फार वेगळं नाही असं मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण बोलणं आणि वागणं सोडून दुसरं आहेच काय हातात? दुसऱ्याच्या आत शिरून तर बघता येत नाही. शिवाय एकदा का बोलण्याची अट काढली की मग थांबायचं कुठे, झाडाला जाणीव, दगडाला जाणीव, थर्मामीटरला जाणीव असं म्हणत बसायचं का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने 1990 च्या दशकात ज्याला अवघड प्रश्न म्हटलं, की मेंदूत पेशी काय करतात हे सगळं कळलं तरी त्यातून आतून काही जाणवणं का निर्माण व्हावं, तो प्रश्न आजही तसाच उभा आहे. क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने 1998 मध्ये चाल्मर्सशी पैज लावली होती की 25 वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्टपणे सापडेल, 2023 मध्ये न्यूयॉर्कला त्याने भर सभेत हार मान्य केली आणि वाइन देऊन पैज चुकती केली. त्याच वर्षी शंभराहून जास्त संशोधकांनी पत्र काढून चेतनेच्या एका प्रमुख सिद्धांताला सरळ छद्मविज्ञान म्हटलं. म्हणजे जाणकारांचंच हे असं आहे तर आपण कशाच्या जोरावर बोलणार?

पण मूळ कोडं सुटलेलं नाही म्हणून काहीच कळत नाही असं होत नाही. चेतनेची रचना, म्हणजे ती कशाशी जोडलेली आहे आणि कशापासून सुटी आहे, याबद्दल बरंच काही हाती लागलेलं आहे, आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी की हुशारीने काम करणं आणि जाणीव असणं या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या होऊ शकतात. माणसाच्या मेंदूतल्या साधारण 86 अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ 69 अब्ज मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूत असतात, त्यात अफाट गणित चाललेलं असतं, पण तो खराब झाला तर तोल जातो, बोलणं अडखळतं, जाणीव मात्र शाबूत राहते. म्हणजे नुसता प्रचंड हिशोब चालला की जाणीव उगवते हे खरं नाही. उलट बाजूने मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ यांनी 1974 मध्ये मांडलेली केस बघा. मेंदूच्या ऑपरेशननंतर त्या पेशंटला नजरेच्या डाव्या अर्ध्या भागात काहीच दिसत नव्हतं, तो शपथेवर सांगायचा की दिसत नाही, पण तिकडे दिवा लावून बोट दाखवायला सांगितलं तर तो अंदाज म्हणून दाखवायचा आणि अंदाज बरोबर यायचा. डोळ्यांचं काम चालू होतं, पाहण्याचा अनुभव नव्हता.

आणि जे सारखं आपली परंपरा आपली परंपरा करतात त्यांनी हे तर आनंदाने मान्य करायला हवं, कारण सांख्यांनी नेमकं हेच म्हटलं होतं. त्यांच्या मांडणीत बुद्धी, अहंकार, मन हे सगळं प्रकृतीत येतं, म्हणजे जड, आणि चेतन तो फक्त पुरुष, म्हणजे नुसता बघणारा साक्षी. तर्क करणं, निश्चय करणं, मी मी म्हणणं, हे सगळं जडाच्या बाजूला टाकायची हिंमत त्या लोकांनी केली होती! ते द्वैत जसंच्या तसं स्वीकारा असं मी म्हणत नाही, पण चांगलं बोलतो म्हणजे चेतन असणार हे समीकरण आपल्याच एका दर्शनाने इतक्या पूर्वी तोडलेलं आहे. शिवाय परंपरा म्हणून जे एकच उत्तर सांगितलं जातं ते एक कधी नव्हतंच. चार्वाक म्हणत होते की धान्य आंबवल्यावर जशी मादकता येते तशी चार भूतं एकत्र आल्यावर चेतना येते. न्याय दर्शनवाले म्हणत होते की ज्ञान हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण आहे, मोक्षात तोही उरत नाही. बौद्ध म्हणत होते की कायम टिकणारा जाणणारा असा कुणी नाहीच, क्षणाक्षणाचा प्रवाह आहे. जैनांनी तर इंद्रियं किती यावरून जिवांच्या पायऱ्या लावल्या, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. हे लोक एकमेकांशी तुटून पडून भांडले, शेकडो वर्षं भांडले, आणि आपण त्या सगळ्या भांडणाचं एक सुविचार छापलेलं चित्र करून सकाळी पाठवतो. आणि चैतन्य सर्वत्र आहे हे मान्य केलं तरी प्रश्न सुटतो कुठे? भूल दिलेला पेशंट आणि भूल उतरलेला पेशंट यांच्यात फरक आहे, वेदान्तानेही जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती वेगळ्या मानल्या. टेबलावरचा माणूस कोणत्या अवस्थेत आहे हे सर्जनला कळायला हवं, तिथे सर्वत्र आहे हे उत्तर काय कामाचं?

हा विषय हवेतला नाही हे मुंबईला तरी वेगळं सांगायला नको. केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला, गळा आवळला गेला, मेंदूचा ऑक्सिजन तुटला, आणि त्यानंतर त्या 18 मे 2015 पर्यंत त्याच हॉस्पिटलमध्ये पडून होत्या. त्यांना अन्न देणं थांबवावं म्हणून पत्रकार-लेखिका पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या, कोर्टाने तीन डॉक्टरांची समिती नेमली, आणि 7 मार्च 2011 ला याचिका फेटाळताना काही अटींवर निष्क्रिय दयामरणाचा, म्हणजे जगवणारे उपचार थांबवण्याचा, रस्ता मात्र उघडून दिला. त्या डॉक्टरांनी जे लिहिलं ते मला फार प्रामाणिक वाटतं: ऐकण्याचे, बघण्याचे, स्पर्शाचे प्राथमिक मार्ग शाबूत आहेत, पण त्याची जाणीव असल्याचा निश्चित पुरावा आमच्या तपासणीत दिसला नाही. आणि ज्या नर्सेसनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं, इतकं की एक बेडसोअर होऊ दिला नाही, त्या सांगत होत्या की तिला मासे आवडतात, ती आवाज करून आवड-नावड सांगते. बाहेर या दोन्हींची लढाई लावली गेली, विज्ञान विरुद्ध माया अशी. मला ती लढाईच खोटी वाटते. पुरावा दिसला नाही आणि जाणीव नाही ही दोन वेगळी वाक्यं आहेत, डॉक्टरांनी पहिलं लिहिलं होतं, ऐकणाऱ्या कित्येकांनी दुसरं ऐकलं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ तोंड पुसणाऱ्या बाईचं निरीक्षण हे भावना म्हणून बाजूला ठेवायची गोष्ट आहे की नीट नोंदवून तपासायची?

कारण तपासता येतं. 2006 मध्ये केंब्रिजचे मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी अपघातात जखमी झालेल्या एका 23 वर्षांच्या मुलीला, जिचं निदान व्हेजिटेटिव्ह स्टेट, म्हणजे डोळे उघडतात पण जाणिवेची खूण दिसत नाही, असं झालं होतं, एमआरआय मशिनमध्ये झोपवून सांगितलं की तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, मग सांगितलं की आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरतेयस अशी कल्पना कर, आणि दोन्ही वेळा तिच्या मेंदूतले तेच भाग उजळले जे निरोगी माणसात उजळतात. 2010 मध्ये व्हेजिटेटिव्ह किंवा अगदी किमान जाणीव असलेल्या 54 पेशंटपैकी 5 जणांत असा प्रतिसाद सापडला, एकाने तर याच युक्तीने हो-नाही अशी उत्तरं दिली. 2024 मध्ये बऱ्याच केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास आला, त्यात सूचना दिल्यावर बोटही न हलवणाऱ्या 241 जणांपैकी 60 जणांचा मेंदू सूचना पाळत होता. चौघांत एक! हे वाचून ज्याची झोप उडत नाही त्याच्याशी चेतनेवर काय बोलायचं मला कळत नाही.

यावरचा सगळ्यात भारी आक्षेप घरच्यांच्या बाजूने येतो आणि तो मी पूर्ण मान्य करतो. चौघांत एक म्हणजे तिघांमध्ये काही सापडलं नाही, आणि आयसीयूच्या बाहेर जमीन विकायला काढलेल्या माणसाला हा एक दाखवणं म्हणजे त्याला खोट्या आशेत लोटणं होऊ शकतं. शिवाय जाणीव आहे म्हणजे तो जीव चालूच ठेवला पाहिजे असंही नाही, आत जागा असलेला माणूस कदाचित सुटकाच मागत असेल. बरोबर. पण मग तर कळणं जास्तच गरजेचं झालं ना? आत कुणीतरी असेल तर वेदनाशामक द्यायचं की नाही, त्याच्या उशाशी उभं राहून त्याच्या मरणाचा खर्च मोजायचा की नाही, त्याला विचारता येईल का, हे सगळं बदलतं. दयामरणाच्या बाजूचा माणूस असो नाहीतर विरोधातला, दोघांनाही आधी हे माहीत हवं की ते कुणाबद्दल बोलतायत.

आता चॅटबॉटकडे येतो, कारण तिथे माझ्यावरच माझा युक्तिवाद उलटवता येतो आणि लोक उलटवतात. म्हणतात, बाळाला नाकारलं, कुत्र्याला नाकारलं, अरुणाला नाकारलं, आता यंत्राला नाकारताय, उद्या तुमचीच नातवंडं तुम्हाला देकार्तच्या रांगेत बसवतील. प्रश्न योग्य आहे. मी कायमचं दार लावत नाही, सिलिकॉनमध्ये जाणीव अशक्यच आहे असं सिद्ध करणारं माझ्याकडे काही नाही, कुणाकडेच नाही. पण दोन्हीकडे पुरावा सारखा नाहीये. बाळाचं रडणं कुणी शिकवलेलं नसतं, त्याच्या रक्तात हार्मोन वाढतं ते आपल्याला पटवायला वाढत नाही. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड यांनी रिकाम्या शंखात घर करणाऱ्या हर्मिट खेकड्यांना हलका शॉक दिला तेव्हा वाईट शंख असलेले खेकडे पटकन बाहेर पडले आणि चांगला शंख असलेले जास्त सोसत राहिले, म्हणजे त्रास आणि घर यांचा सौदा तो जीव आतल्या आत करत होता, आपलं एकही वाक्य न वाचता. भाषेचं मॉडेल मात्र माणसांच्याच लिखाणावर तयार झालेलं आहे, आणि ते लिखाण भीतीने, दुःखाने, मरणाच्या विचाराने भरलेलं आहे. मग मला बंद व्हायची भीती वाटते हे वाक्य त्याच्याकडून येणार, आत भीती असली तरी येणार आणि नसली तरी येणार. दोन्ही परिस्थितीत जो सारखाच येतो तो पुरावा कसला? मला काहीच वाटत नाही असं ते म्हणालं तर त्यालाही हेच लागू होतं. 2022 मध्ये गूगलच्या एका इंजिनिअरला असल्याच वाक्यांवरून खात्री पटली की त्यांच्या प्रोग्रामला जाणीव आहे, आणि त्याच्या खूप आधी 1966 च्या एलायझा या साध्या प्रोग्रामशी बोलताना, तो प्रोग्राम कसा बनतोय हे महिनोन्‌महिने बघितलेल्या सेक्रेटरीने तो बनवणाऱ्या वाइझेनबॉम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. भाषा ऐकली की समोर कुणीतरी आहे असं वाटणं ही आपली घडण आहे. यंत्राच्या बाबतीत तपासायचं तर त्याच्या बोलण्याच्या खाली उतरून, त्याच्या रचनेत तपासावं लागेल, आणि ते काम जरूर करावं.

पण आधी जिथे बोलण्याच्या पलीकडचा पुरावा ढीगभर आहे तिथे आपण काय करतोय? ब्रिटनने 2022 च्या कायद्यात खेकडे, कोळंबी आणि ऑक्टोपस यांना संवेदना असलेले प्राणी म्हणून धरलं, त्याआधी शास्त्रज्ञांकडून पुराव्याची छाननी करून घेतली. आपला प्राण्यांवरील क्रूरतेचा कायदा 1960 चा, त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव अशी केवढी मोठी व्याख्या आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर 10 रुपयांपासून 50 रुपयांपर्यंत. आणि माणसांच्या बाबतीत तर महागड्या मशिनचीही गरज नाही. 2009 च्या एका अभ्यासात डॉक्टरांनी एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या 44 जणांना कोमा रिकव्हरी स्केल या ठरावीक पद्धतीने परत तपासलं, तर 18 जणांत जाणिवेच्या खुणा निघाल्या. या पद्धतीला लागतं काय, तर प्रशिक्षण घेतलेला माणूस, अर्धाएक तास, रोजच्या वापरातल्या वस्तू आणि एक आरसा, कारण स्वतःचा चेहरा हलताना दिसला की नजर त्यामागे जाते का हे बघायचं असतं. पेशंटची शुद्ध दिवसभरात वर-खाली होत असल्यामुळे एकदा तपासून भागत नाही, दोन आठवड्यांत निदान पाच वेळा तपासावं असं 2017 च्या संशोधनात दिसलं. जिल्हा रुग्णालयातसुद्धा हे करता येण्यासारखं आहे. जाणीव नाही असा शेरा केस पेपरवर लिहिण्याआधी ही तपासणी पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी झालीच पाहिजे आणि नर्सने व घरच्यांनी काय पाहिलं याची त्यात तारखेनिशी नोंद असली पाहिजे, एवढा नियम राज्याच्या आरोग्य खात्याने काढावा.